लालसूचं पाऊल

लालसूच्या पायाखालची माती आणायला आम्ही तिघं जंगलात निघालो, आणि तेही टुरिस्ट म्हणून, रीतसर तिकीट काढून! ज्या जंगलात सोमारी लहानपणापासून मोहफुलं वेचत आली, त्याच्या गेटवर उभा असलेला गार्ड तिलाच विचारतो, "म्याडम, प्लास्टिकची बाटली नाई नं?" असा संताप आला म्हणून सांगू! पण भांडायची सोय नव्हती. मागच्या सीटखाली घमेलं होतं, खुरपं होतं आणि कोरं पांढरं फडकं होतं.

लालसू म्हणजे सोमारीचा नवरा, या व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमधला जुना गाईड आणि माझा जिवाचा दोस्त. मी खुशाल, जीपवाला. दिवाळीनंतर वैनगंगेत डोंगा उलटला. बाकीचे पोहून काठाला लागले, लालसू लागला नाही. काठाकाठानं पार मार्कंड्याच्या देवळापर्यंत शोधलं आम्ही. नदीनं काहीच परत दिलं नाही.

त्यांच्या गावात मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात, तो त्याच्या मातीवर. मातीच नाही तर दगड कशावर उभा करणार? सोमारी रडली नाही, की कुणाशी धड बोलली नाही. संध्याकाळी त्याच्या वाटणीची भाकर झाकून ठेवायची आणि सकाळी कुत्र्याला घालायची. गावचा जाणता, म्हातारा लच्छू, तिला म्हणाला होता, "पोरी, तो नाई त् नाई, त्याच्या पायाखालची तरी माती आन."

आणि परवा अंकुश धापा टाकत माझ्या दारात! अंकुश हा लालसूनंच तयार केलेला गाईड.

"खुशालभाऊ, जांभूळतळ्याच्या काठी लालसूभाऊचं पाऊल हाये!"

दिवाळीआधी, हिवाळ्याच्या तोंडाशी, लालसू वाघांच्या गणतीसाठी तिथे पायी फिरला होता. तेव्हा तिथे चिखल होता, वाट बंद होती. नंतर तळं आटलं, चिखल वाळून विटेसारखा टणक झाला, आणि ती वाट आत्ता कुठे उघडली. त्यात अनवाणी उजवं पाऊल, आणि करंगळी नाही! कुऱ्हाडीनं गेली होती ती. शेजारी वाघिणीच्या पंजाचा ठसा आणि त्याभोवती लालसूनं काडीनं ओढलेला गोल. अंकुशनं पावलाभोवती दगड मांडून ठेवले होते. पण मिरग आला की तळं भरणार, पाऊल जाणार.

आमच्या गेटातून स्वतःची गाडी नेता येते, गाईड मात्र सोबत हवाच. आणि कुठंही खाली उतरायचं नाही.

"उतरलो त् माहं गाईडचं कार्डच जाते, भाऊ," अंकुश मान खाजवत म्हणाला. मग म्हणाला, "मी असं करतो, तळ्यावर पोचलो का दुर्बीण लावून पाखरं पाहत बसतो. मागं कोन काय करून राह्यलं, मले काय मालूम?"

दुपारच्या फेरीला निघालो. ऊन असं, की स्टिअरिंगला फडकं गुंडाळावं लागलं. साग पार उघडा पडलेला, बांबू वाळून पिवळा झालेला, आणि वाऱ्याचा पत्ता नाही. सोमारी मागे ताठ बसली होती. मोरही दिसला, चितळांचा कळपही दिसला, तिनं कशाकडेच पाहिलं नाही.

"वाघीण दिसली त् बोलशीन काय तिच्याशी?" मी सहज छेडलं. लालसू घरी त्या वाघिणीच्या इतक्या गोष्टी सांगायचा, की सोमारी तिला सवत म्हणायची.

"बोलीन नं," ती म्हणाली. "इचारीन, लहान पोरं सोडून कुठी कुठी फिरते म्हनून. तो सांगे, दोन झाले तिले. आम्हाले एकबी नाई."

नाल्यात जीप उतरवली आणि ब्रेक दाबला. समोर रानगवे! सात-आठ तरी असतील, उतारावर आडवे उभे. त्यातला काळा नर मान खाली घालून पुढे आला. खूर आपटला. फुसकारला!

"मागं घ्या! मागं घ्या, भाऊ!" अंकुश ओरडला.

रिव्हर्स टाकला, जीप मागे उसळली. मागचं चाक धोंड्यावर चढलं, घसरलं. कडाड! गिअरबॉक्समधून लोखंड तुटल्यासारखा आवाज आला. नर जागीच थबकला. बराच वेळ आमच्याकडे पाहिलं त्यानं, मग कळप घेऊन बांबूत शिरला. आम्ही वाचलो, पण रिव्हर्स काही पडेना. शिव्या घातल्या, विनवण्या केल्या, लाथ घातली. नाहीच!

"आता मागं नाई," मी म्हणालो. "तळ्याला वळसा घालून गेटावर निघू."

जांभूळतळं आलं. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला उरलंसुरलं पाणी, मधून जेमतेम एका गाडीची वाट. आणि वाटेत, नेमकं चाकाच्या रेषेत, अंकुशच्या दगडांच्या कड्यात, पाऊल!

अंकुशनं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि पाठ फिरवली. घमेलं गाडीच्या दाराशी ठेवून सोमारी खुरपं घेऊन उतरली. पण खुरपं बाजूला ठेवून ती आधी गुडघ्यावर बसली. उजवा तळवा त्या पावलात ठेवला. बोटं हळूहळू फिरवत करंगळीच्या रिकाम्या जागेशी थांबली. मला बघवेना.

तेवढ्यात खडकावरच्या वानरानं खाकरून धोक्याची हाक दिली. खक्! खक्!

"बाई!" अंकुशचा आवाज फाटला. "पळू नका! उभ्या राहा, अन् तिच्याकडं पाहत मागं या!"

तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, वाघीण उभी होती. कान मागे, शेपूट ताठ. एक गर्जना, आणि ती थेट सुटली! धूळ उडाली. सोमारी हलली नाही. दहा पावलांवर वाघीण थांबली, दात दाखवले, गुरगुरली आणि मागे सरकली. सोमारी एकेक पाऊल मागे येत गाडीला टेकली. उजवी मूठ गच्च आवळलेली, डाव्या हातानंच धडपडत चढली.

"दोन्ही हातानं धर नं वं! पडली असती!" मी खेकसलो. घमेलं रिकामं राहिलं.

वाघीण पाळीवर जाऊन बसली. तिच्यामागून दोन पिल्लं आली, फासळ्या निघालेली, जिभा लोंबलेल्या. भोवतालचे पाणवठे कोरडे पडलेले. पाण्याला उतरायची वाट एकच, आणि तिच्यावर आम्ही उभे. वाघीण उठायची, आमच्याकडे बघायची, परत बसायची.

"भाऊ, गाडी मागं..." अंकुश म्हणाला आणि त्याला रिव्हर्स आठवला. मागे जाता येत नव्हतं, वळवता येत नव्हतं. पुढे पाऊल.

"थांबू," मी म्हणालो. "ती जाईन. मंग माती काढू. अंधार पडला तरी चालते मले!"

धाकटं पिल्लू पाळीवरून खाली येऊ लागलं. मागचे पाय लटपटले, पडलं. उठलं नाही. वाघिणीनं त्याला चाटलं.

"काढा गाडी, खुशालभाऊ," सोमारी म्हणाली.

"येडी झाली काय! अवं, तुह्या लालसूचं..."

"मले दिसून राह्यलं काय हाये ते. सवतीचे पोरं तहानले ठेवून माती नेली त् तो मले घरात घेनार नाई. काढा!"

मी पहिला गिअर टाकला. दगड बाजूला उडाले आणि चाकाखाली वाळली माती कुरकुर मोडली. एवढासा आवाज! माझ्या लालसूवरून मी गाडी नेली, अजून काय सांगू? मी मोठ्यानं रडलो, अंकुशही रडला. वळणावरून पाहिलं तर वाघीण आमच्या चाकांच्या मागावरून खाली उतरत होती. मोठं पिल्लू पाण्याशी पोचलं. धाकट्याला तिनं मानगुटीला धरून ओढत आणलं, आणि तेही पिऊ लागलं.

गेटवर गार्डनं नेहमीचं विचारलं, "काय बाई, सायटिंग झाली काय?"

"झाली," सोमारी म्हणाली. "वाघीन पाह्यली, तिचे पोरं पाह्यले. अन् माह्या मानसाले पाहून आली."

तो पोरगा काय समजला कोण जाणे. त्यानं दांडा वर केला.

गावाबाहेर लच्छूनं खड्डा खणून ठेवला होता, दगडही आणून ठेवला होता. माणसं जमली होती. रिकामं घमेलं पाहून लच्छूनं हातातला तांब्या खाली ठेवला. मीच चाचरत सांगू लागलो, तेव्हा सोमारी पुढे झाली, खड्ड्याशी बसली आणि तळ्यापासून आवळलेली उजवी मूठ तिनं उघडली. चिमूटभर धूळ होती. अर्धी घामानं भिजून तळव्याला काळी चिकटलेली. लच्छूनं तांब्या घेतला आणि तिच्या तळव्यावर धार धरली. ते गढूळ पाणी खड्ड्यात गेलं.

तेव्हा सोमारी रडली. नदीला ऐकू जाईल अशी रडली. आम्ही दगड उभा केला. त्या रात्री तिनं भाकर एकटीपुरतीच थापली.