खालच्या बाजूचा माणूस

ऑफिसात त्याला सगळे शंकोबा म्हणत, आणि त्याचं त्याला वाईट वाटत नसे. शंका घेण्याचाच तर त्याला पगार मिळत होता. कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात, त्या यंत्रांच्या पोटात जो प्रोग्राम चालतो तो तपासायचं त्याचं काम. पाणी भरता भरता नळ गेला तर? दार नीट लागलेलं नसताना कुणी बटण दाबलं तर? दिवसभर असले ‘तर’ काढायचे आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या डोक्याला ताप द्यायचा. त्याची बायको म्हणायची, “लग्न ठरलं तेव्हा मलासुद्धा यानं उलटसुलट करून बघितलं असेल, कुठे काही सैल आहे का म्हणून.”

सुट्टीच्या दिवशी मात्र हा माणूस स्वतः प्रोग्राम लिहायचा. तेही एका जुन्या गेम कन्सोलसाठी. कन्सोल त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला. कंपनीनं तो बनवणं कधीच बंद केलं होतं, त्याची डिस्कची फिरकी मेली होती, दोन कंट्रोलरपैकी एकाची वायर तुटून तो कधीच कचऱ्यात गेला होता. कंपनीचे अधिकृत खेळ सोडून दुसरं काही त्यावर चालू नये असा पक्का बंदोबस्त होता. पण कुलूप आलं की किल्ली बनवणारेही येतात. कुणा उद्योगी रिकामटेकड्यांनी त्यात एक फट शोधून काढली होती. मेमरी कार्डावर एक छोटीशी फाइल ठेवायची. कन्सोल सुरू होताना ती वाचतो, फसतो, आणि मग आपण घरी लिहिलेलं काहीही निमूटपणे चालवतो. असल्या घरगुती प्रोग्रामांना होमब्रू म्हणतात. शंकोबाला त्यातली फसवाफसवी आवडायची नाही, पण त्या यंत्रावर काय चालतंय त्याची ओळ न् ओळ आपल्याला ठाऊक असते, हे फार आवडायचं.

सध्या तो एक साधा खेळ लिहीत होता. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून दोघांनी एक मोठं लाकडी कपाट जिन्यानं खाली न्यायचं. वरच्या बाजूला एक जण, खालच्या बाजूला दुसरा. वळणावर कपाट अडकतं, तिरकं करावं लागतं, एकानं ढकललं आणि दुसऱ्यानं ओढलं नाही तर गच्च बसतं. चित्रं काढून दिली होती पेंटरनं. पेंटर म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता आता कॉम्प्युटरवर पाट्या करायला लागला होता, पण नाव पेंटरच राहिलं. वरचा माणूस चालायला लागला होता. खालच्याचं काहीच लिहून झालं नव्हतं. तो म्हणजे नुसतं एक चित्र होतं. कपाटाला हात लावून उभा.

त्या दिवशी सकाळी, बायको भाजी चिरत असताना, शंकोबानं कन्सोल टीव्हीला जोडला, वरच्या माणसाला कपाटाशी नेलं आणि उचलायचं बटण दाबलं.

खालच्या माणसानं गुडघे वाकवले आणि आपली बाजू उचलली.

शंकोबा बघत राहिला. मग त्यानं कंट्रोलर खाली ठेवला आणि आपल्याच प्रोग्रामातल्या चुका शोधायला बसला. मेमरीतला कचरा पडद्यावर येतो कधी कधी. पण कचरा गुडघे वाकवत नाही. खालच्या माणसाचं वाकलेलं चित्रच मुळात प्रोग्रामात नव्हतं.

त्यानं पेंटरला फोन लावला.

“खालच्या माणसाची नवी चित्रं टाकलीस का तू?”

“मी? तूच म्हणालास ना, आधी वरचा होऊ दे, खालच्याचं मग बघू. एकच दिलंय मी. का?”

“तो उचलतोय.”

“मग बरंच आहे की,” पेंटर हसला. “तुझ्यापेक्षा कामसू निघाला.”

शंकोबाला ते हसणं जरा जास्तच मोकळं वाटलं. पेंटरनं चित्रांची फाइल दिली होती, आणि फाइलमध्ये काय काय दडवता येतं ते शंकोबाला चांगलं माहीत होतं. त्यानं ती फाइल उघडून आतबाहेर तपासली. काही नव्हतं. नवं कोरं मेमरी कार्ड आणलं. सगळा प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून बांधला. कन्सोलला इंटरनेट नव्हतं, दुसरा कंट्रोलर नव्हता, तो जोडायच्या भोकात धूळ होती. बायकोकडेही त्यानं एकदा तिरक्या नजरेनं बघितलं.

“माझ्याकडे काय बघतोस?” ती म्हणाली. “मला त्यातलं कळत असतं तर आधी तो डबा बंद पाडला असता.”

नव्या कार्डावरही खालच्या माणसानं कपाट उचललं. एवढंच नाही, तो चालायला लागला. पाठमोरा, एकेक पायरी खाली, पाय चाचपडत. शंकोबानं मुद्दाम चुकीच्या दिशेनं ओढलं की तो थांबून राही. घाई करत नसे. शंकोबा ताळ्यावर आला की कपाटाला हलकासा हिसका देई, चल म्हटल्यासारखा.

बायको हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती. थोडा वेळ बघून म्हणाली, “अय्या, हा तू आहेस!”

“काय?”

“बघ ना. सिलेंडर उचलताना तू अस्साच करतोस. आधी डावा खांदा वाकडा करायचा, मग मान आत घ्यायची. पेंटरभाऊजींनी हुबेहूब उचललंय तुला.”

आता शंकोबाची खात्रीच पटली. त्याची नक्कल करू शकणारा, त्याला शाळेपासून ओळखणारा, आणि चित्रं काढणारा, तिन्ही एकच माणूस होता. पुढच्या सुट्टीला त्यानं पेंटरला दुपारी घरी बोलावलं. चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं.

पेंटरनं आधी थट्टेवारी नेलं. मग त्याच्या लक्षात आलं की हा खरंच विचारतोय, आणि त्याचा चेहरा उतरला. “अरे, इतक्या वर्षांची ओळख. मी तुझ्या घरात येऊन तुझ्या वस्तूत काही घुसडीन? तुला ना, स्वतःची सावली मागे आली तरी वाटत असेल, ही का पाठलाग करते.”

“मग हे कोण करतंय?”

“आण इकडे.” पेंटरनं कंट्रोलर हिसकावून घेतला.

त्यानं उचललं, खालच्यानं उचललं. दोघं जिना उतरू लागले. पेंटरला जमत होतं; शंकोबापेक्षा बरं जमत होतं. वळणावर दोघांनी मिळून कपाट उभं केलं, फिरवलं, अलगद काढलं. पेंटरचा राग निवळत चालला. “मस्त झालंय रे हे,” तो म्हणाला. दुसरा मजला गेला, पहिला गेला, तळमजला आला. इथे खेळ संपायचा होता. पडद्यावर ‘शाबास’ यायचं होतं.

आलं नाही. तळमजल्यावरून जिना आणखी खाली जात होता.

“हे मी काढलेलं नाही,” पेंटर म्हणाला.

“मीही नाही.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पेंटरच्या नजरेत प्रथमच तेच होतं, जे इतके दिवस शंकोबाच्या नजरेत होतं. “असं आहे होय,” तो सावकाश म्हणाला. “स्वतः करायचं आणि माझ्यावर आळ घ्यायचा. वर चहा पाजायचा.”

बोलता बोलता त्याचा अंगठा बटणावरच होता. पडद्यावरचे दोघे नव्या जिन्याच्या काही पायऱ्या उतरले. तेवढ्यात टीव्हीतून आवाज आला. कपाटाच्या आत काहीतरी जड, मऊसर, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकल्यासारखा. खेळात आवाज नव्हताच. शंकोबानं आवाजाची एक ओळही लिहिली नव्हती.

पेंटरनं कंट्रोलर ठेवून दिला. वरचा माणूस थांबला. खालचा कपाट धरून, मान आत घेऊन उभा राहिला. वाट बघत.

“कार्ड दे मला,” पेंटर म्हणाला. “माझ्याकडेही असलाच कन्सोल पडलाय. माझ्या घरी, माझ्या टीव्हीवर चालवतो. तुझा हात लागला नाही म्हणजे कळेल कोण कुणाला बनवतंय ते.”

शंकोबानं कार्ड दिलं. देताना मनात आलंच, हा त्यात आणखी काही घालून परत आणणार.

सुरुवातीला पेंटरचा फोन आला तो कोरडा होता. खालचा माणूस नुसता उभा आहे, हलत नाही, सगळी तुझीच करणी, असं सुनावून त्यानं ठेवून दिला. नंतरचा फोन जरा वेगळा होता.

“आज उचललं त्यानं.”

“मग?”

“मग काय. चाललोय खाली. बरेच मजले आहेत रे. कुणी काढले असतील एवढे? प्रत्येक पायरी वेगळी आहे, झिजलेली. मला नसतं जमलं.”

“बंद कर ते.”

“का? तुझाच खेळ आहे ना?” पेंटर हसला, पण त्याचं लक्ष फोनवर नव्हतं. “चांगला आहे तो. सगळा भार स्वतःकडे घेतो. तू कधी घेतला नव्हतास.”

शंकोबाला ते लागलं. त्यानं नंतरचे फोन उचललेच नाहीत. हा माणूस आपल्याला खेळवतोय, आपण घाबरलो की चार लोकांत सांगून हसेल, असं त्यानं स्वतःला बजावलं.

पण घरच्या कन्सोलवर त्यानं जुन्या कार्डावरची खेळाची आपली प्रत चालवून बघितली तेव्हा पडद्यावर वरचा माणूस होता, कपाट होतं, जिना होता. खालच्या बाजूला कुणीच नव्हतं. त्यानं प्रोग्राम पुन्हा बांधला. चित्राची फाइल जागेवर होती, चित्र काढायची ओळ जागेवर होती, आणि पडद्यावर ती जागा रिकामी होती. यंत्र खोटं बोलत नाही या भरवशावर त्याची सगळी उमर गेली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याला काही सुचेना. पेंटरला फोन केला तर तो वाजून वाजून थांबत होता. शेवटी जेवणाच्या सुट्टीआधीच त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पेंटरच्या घरी गेला.

दार वहिनींनी उघडलं. हातात केरसुणी, पदर खोचलेला.

“आलात पण भाऊजी इतक्यात?” त्याच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत त्या म्हणाल्या. “आणि हे कुठे राहिले?”

“कोण?”

“अहो, कोण काय? तुमचे मित्र. खालीच थांबले का कपाटापाशी?”

शंकोबा उंबरा ओलांडून आत आला. त्या आत वळल्या, बोलत राहिल्या. “निदान चहा तरी घ्यायचात मघाशी. बोलत नव्हतात, म्हटलं अजून राग गेला नाही वाटतं. यांनी तरी काय कमी ऐकवलं असेल तुम्हाला! पण आलात ते बरं केलंत. हे म्हणत होते, आधी रिकामं तरी करू या, कपडे आहेत आत. तर तुम्ही नुसती मान हलवलीत आणि उचललंत. एवढं जड कपाट, आणि खालची बाजू तुमच्याकडे. पाठ धरेल हो.”

झोपायच्या खोलीत भिंतीवर कपाटाएवढा एक स्वच्छ चौकोन होता. त्याच्या कडेनं धूळ आणि जळमटं, मध्ये जुना रंग ताजा. वहिनी तिथेच झाडत होत्या.

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. कंट्रोलर जमिनीवर पडला होता. पडद्यावर जिना होता. नुसता जिना.

“वहिनी,” तो म्हणाला, “मी सकाळपासून ऑफिसात होतो. आत्ता तिथूनच येतोय.”

त्या हसल्या. मग त्यांनी त्याच्या कपड्यांकडे बघितलं, पायापासून वरपर्यंत. हसू तसंच राहिलं, पण त्यात काही उरलं नाही.

“मघाशी हा सदरा नव्हता,” त्या हळूच म्हणाल्या.

तो जिन्यानं धावत खाली आला. या इमारतीला एकच दार होतं आणि दारात वॉचमन खुर्ची टाकून बसला होता.

“कपाट घेऊन दोघं बाहेर गेले का?”

“कपाट?” वॉचमननं मान हलवली. “इथून सकाळपासून दुधाची पिशवीसुद्धा बाहेर गेली नाही, साहेब. मी हललोच नाही.”

“खाली तळघर आहे का इमारतीला?”

“तळघर? नाही बुवा. खाली माती.”

शंकोबा जिन्याकडे वळला. आता शोधायचं काय, हेही त्याला कळत नव्हतं. सवयीनं तो तपासू लागला.

भिंतीवर एक ओरखडा होता.

कपाटाचा कोपरा घासत न्यावा तसा. ताजा. जिन्याच्या उतारानं, कमरेच्या उंचीवरून, वरच्या मजल्यापासून तो भिंतीभिंतीनं उतरत आला होता. खालच्या पायऱ्यांवर रंगाची पांढरी भुकटी पडली होती.

शेवटच्या पायरीपाशी त्यानं भिंतीला हात लावला.

जिना तिथे संपला होता. ओरखडा संपला नव्हता.

तो तसाच, त्याच उतारानं पुढे गेला होता. कमरेच्या उंचीवरून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यावरून घोट्यापर्यंत.

“भाऊजी,” वरून वहिनींनी कठड्यावरून वाकून हाक मारली, “दिसले का हो?”

शंकोबा खाली बसला. फरशी कुठे फुटलेली नव्हती. सांधे नीट भरलेले होते. ओरखडा फरशीला टेकत होता, आणि तिच्याखाली गेला होता.