ओढ्याकाठची शिट्टी

संपतने दोन्ही मनगटं टेबलावर ठेवली. दोन्हींभोवती काळपट लाल वळ होते.

"हे तिने केलं, मॅडम. मादेवीने."

नागवेणी हेगडे वळांकडे बघत राहिल्या. चौकशी अधिकारी म्हणून त्या सकाळीच शिमोग्याहून वनाधिकाऱ्यांच्या या प्रशिक्षण केंद्रात आल्या होत्या. प्रशिक्षणार्थींची तुकडीप्रमुख मादेवी, तिच्याविरुद्धची ही तिसरी तक्रार. पहिल्या दोन निनावी होत्या: ती दुसऱ्यांच्या वाटणीचं जेवते, नावडत्यांची हजेरी मांडत नाही. त्यांत काहीच निघालं नव्हतं. पण या तक्रारीला नाव होतं, सही होती, वळ होते. ती खरी ठरली तर मादेवीला केंद्रातून काढणार होते. वर्दी अंगावर नीट बसायच्या आधीच उतरली असती.

"सविस्तर सांग."

"रविवारी वरच्या रानात झाडं मोजायला गेलो होतो, मॅडम. गट वेगवेगळे पांगले होते. मी टोकाला एकटाच. जेवण झाल्यावर ती आली. काम संथ चाललंय म्हणाली, आणि कड्यावरच्या फणसाला मला बांधलं."

"कशाने?"

"झाडावर चढायच्या दोराने."

"किती वेळ?"

"परतायची वेळ होईपर्यंत. पाऊस तर धो धो चालला होता."

"नुसतं बांधलं?"

"बूट-मोजेसुद्धा काढून घेतले. म्हणाली, अनवाणी उभा राहा, म्हणजे अक्कल येईल."

"जास्त त्रास कशाचा झाला?"

"अपमानाचा! बाईमाणसाने झाडाला बांधलं, हे बळ्ळारीला घरी कोणत्या तोंडाने सांगू?"

"पायांना काही लागलं?"

"नाही मॅडम. पाय ठीक आहेत."

पाय खरंच ठीक होते. तो व्हॉलीबॉल सोडून अर्ध्या चड्डीतच आला होता. त्याच्या सावळ्या पोटऱ्या स्वच्छ, तुकतुकीत होत्या.

नंतर मादेवी आली. चामराजनगरकडची, बारीक चणीची. घरी दीड वर्षांचं मूल सासूकडे ठेवून आली होती, एवढंच नागवेणींना तिच्याबद्दल ठाऊक होतं.

"तू बांधलंस त्याला?"

"नाही, मॅडम."

"त्याचं तुझ्याशी वाकडं काय?"

"झाडांचे घेर त्याने बसल्या जागी मनानेच लिहिले होते. मी सगळी झाडं त्याला परत मोजायला लावली. सगळ्यांसमोर."

"बरं. मग रविवारी दुपारी तू कुठे होतीस?"

मादेवीने खांद्यावरची प्रमुखाची फीत चाचपली.

"तुकडीबरोबर होतीस?"

मादेवीने मान खाली घातली.

"अगं, तोंड उघड! एका शब्दात सुटशील."

"मी सुटेन, मॅडम. दुसरं कुणीतरी अडकेल."

सलाम करून ती बाहेर गेली.

नागवेणींनी फणसाचं झाड बघायचं ठरवलं. वाट दाखवायला तिप्पेश नावाचा प्रशिक्षणार्थी आला. त्याने आधी जाड कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे त्यांच्यापुढे धरले, मग तपकिरीची डबी.

"मोज्यांवर चोळा, मॅडम. इथे आमचं रक्तदान शिबिर बारा महिने चालू असतं."

"तू कितीदा दिलंस?"

"सरकारने सत्कार करावा इतक्यांदा!"

फणसाखाली पाचोळा ओला होऊन कुजला होता. नागवेणी दोराची खूण शोधत बुंध्याभोवती फिरल्या. तेवढ्यात पाचोळ्यातून काळे दोरे उभे राहून डुलायला लागले. जळवा. तपकीर चोळूनही एक मोज्याच्या वरच्या कडेतून आत शिरलीच. तिप्पेशने ती चुना लावून काढली. बारीकशा भोकातून रक्त मात्र येतच राहिलं.

"त्या दुपारी मादेवी कुठे होती रे?"

"मादेवक्का? खाली ओढ्याकाठी. थोड्या थोड्या वेळाने प्रमुखाची शिट्टी होते, आपण जिथे असू तिथून ओ द्यायची. दुपारभर शिट्टी येत होती की."

"तू एकट्याने ऐकलीस?"

"सगळ्या गटांनी. विचारा कुणालाही."

नागवेणींनी विचारलं. सगळ्यांनी शिट्टी ऐकली होती.

शेवटी उपप्रमुख भुवना आली. ती मादेवीच्याच खोलीत राहायची. आली तीच डोळे पुसत.

"ती मला सख्ख्या बहिणीसारखी आहे, मॅडम. पण चौकशीत खोटं कसं बोलू? दुपारी ती आमच्यात नव्हती."

"तू कुठे होतीस?"

"ओढ्याच्या काठाने फिरत होते. सगळ्या गटांवर लक्ष ठेवत."

"एकटी?"

"हो."

"शिट्टी ऐकलीस?"

"नाही. एकदाही नाही. ती तिथे असती तर ऐकू आली नसती का?"

"बरोबर," नागवेणी म्हणाल्या. "ओढ्याकाठी असणाऱ्याला तर सगळ्यांत स्पष्ट ऐकू यायला हवी."

दुपारी केंद्राचे संचालक शंकरमूर्ती यांच्या खोलीत त्यांनी संपत, मादेवी आणि भुवना या तिघांनाही बोलावलं.

"संपत, पाय पुढे कर."

तो गोंधळला. त्याने पाय पुढे केले.

नागवेणींनी स्वतःच्या पायावरचा मोजा खाली सरकवला. आतली पट्टी लाल झाली होती. "मी त्या फणसाखाली जरा वेळ उभी होते. मोजे होते, तपकीर होती, हात मोकळे होते. तरी हे झालं. तू तिथे दुपारभर अनवाणी होतास, भर पावसात, बांधलेल्या हातांनी. जळवांनी तुझ्या पोटऱ्यांची चाळण करायला हवी होती. एक डागसुद्धा नाही."

"मॅडम, मी..."

"रानात मोज्यांशिवाय तू कधी पाऊलच टाकलं नाहीस. म्हणून मोजे कशासाठी घालतात तेच विसरलास. तिला आणखी क्रूर ठरवायला बूट-मोजेही तिने काढून घेतले म्हणालास, आणि तिथेच फसलास. वळ दोर घासून केलेस ना?"

संपतने मनगटं पाठीमागे लपवली.

"चला, खोटी तक्रार," शंकरमूर्ती म्हणाले. "विषय संपला."

"नाही सर. तक्रारीला नेमकी तीच दुपार का निवडली? सगळी तुकडी समजत होती की मादेवी ओढ्याकाठी आहे, कारण शिट्टी येत होती. ती तिथे नाही, तिच्या बाजूने बोलायला साक्षीदार नाही, हे कुणाला ठाऊक असणार? ती शिट्टी जी वाजवत होती तिलाच. तिनेच संपतला ही दुपार सुचवली." नागवेणी वळल्या. "सगळ्या रानाने शिट्टी ऐकली, भुवना. ओढ्यावर असूनही तू एकटीने ऐकली नाहीस. ऐकली म्हणाली असतीस तर मादेवी सुटली असती. आणि मी वाजवली म्हणाली असतीस तर तूच अडकली असतीस."

भुवनाचा चेहरा उतरला.

"तुकडीने शिट्टीचं सांगितलं तरी तुला भीती नव्हती. खोटं बोलून मादेवी त्या शिट्टीच्या आड लपणार नाही, आणि खरं बोलून तुझं नाव घेणार नाही. तिच्या या चांगुलपणावर तू सगळा डाव मांडलास."

मादेवीने पहिल्यांदाच भुवनाकडे बघितलं.

"बाळाला ताप होता," ती म्हणाली. "फोनला रेंज फक्त टेकडीवर येते, जाऊन-येऊन दुपार जाते. हीच म्हणाली, जा अक्का, शिट्टी मला दे, कुणाला कळणार नाही."

"हो, म्हणाले मी!" भुवना उसळली. "परीक्षेत पहिली येणार तू, म्हणून घराजवळची नेमणूकही तुलाच. वर सगळ्यांना तुझीच दया! मूल आहे ना घरी! माझी वाट कुणीच बघत नाही, तर मी काय कायम मागेच राहायचं?"

"आधीच्या दोन तक्रारी?" नागवेणींनी विचारलं.

"मीच," ती म्हणाली. मग तिला खरं रडू आलं.

संपत आणि भुवना, दोघांनाही केंद्रातून काढायचं ठरलं. ती दोघं बाहेर गेल्यावर शंकरमूर्तींनी चष्मा काढून पुसला.

"मादेवी, तू निर्दोष आहेस. पण रानात तुकडी सोडून गेलीस आणि बंदी असताना जवळ फोन बाळगलास. प्रमुखपद तुझ्याकडे ठेवता येणार नाही."

"सर, मूल आजारी होतं," नागवेणी म्हणाल्या.

"रानात कुणाला साप चावला असता तर?"

मादेवीने स्वतःच खांद्यावरची फीत सोडवली, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

नागवेणी तिच्याबरोबर व्हरांड्यात आल्या. बाहेर तुकडी दोघा-तिघांच्या घोळक्यांत कुजबुजत उभी होती. मादेवी दिसताच सगळे गप्प झाले.

"ताप उतरला का बाळाचा?"

"मी फोन केला तेव्हाच उतरला होता. बाळ झोपलं होतं. सासूबाई उठवते म्हणाल्या, मीच नको म्हटलं."

"राहशील ना तू इथे?"

"राहीन, मॅडम. जायला मी आलेच नव्हते. पण तेवढं एक सांगा सरांना. माझ्या खोलीत आता दुसऱ्या कुणाला पाठवू नका म्हणावं."