बोटाबिगर पीत न्हाई

“आवं, चहा करताय का काय?”

राजनंदिनीनं दचकून वर पाहिलं. गोठ्याच्या दारात मोटारसायकल लावून एक उंच, सावळा पोरगा उभा होता – खांद्याला डेअरीची पिशवी, ओठांत दाबलेलं हसू. तिच्या हातात वाफाळतं पातेलं, पातेल्यात वासरासाठी आणलेली दूधपावडर... आणि तिच्या गुठळ्याच गुठळ्या.

“उकळल्याबिगर वासराला बाधंल की!” ती फणकारली.

“उकळून बाधंल. पानी सोसंल एवढंच गरम पायजे. हात द्या बघू.” त्यानं नवं दूध कालवलं आणि एक थेंब तिच्या मनगटावर टाकला. “चटका बसला?”

“न्हाई...” ती म्हणाली खरी, पण हात मागं घ्यायचा विसरली.

तो इंद्रजित. फलटणकडचा, पलूसच्या एका डेअरीत नुकताच लागलेला. वासरांना दूध कसं पाजायचं हे दाखवत गावोगाव फिरायचा. नंदिनीच्या गाईची कास सुजलेली, त्यामुळे तिची कालवड साखरी या पावडरीच्या दुधावरच जगणार होती. पण साखरी बादलीत तोंड घालेना. वासरू मान वर करून आचळ शोधतं, त्याला खाली वाकायला शिकवावं लागतं. इंद्रजितनं दुधात बुडवलेली बोटं तिच्या तोंडात दिली आणि ती चोखायला लागली तसा हात हळूच बादलीत नेला.

“आता तुमी.”

बादली अरुंद, हात दोन... बोटांना बोटं लागली. दोघंही साखरीकडेच बघत राहिली, जणू गोठ्यात तिच्याशिवाय कुणी नव्हतंच.

“ही आपली आपन प्यायला लागली की माझं काम संपलं,” जाताना तो म्हणाला, आणि तिथंच घोटाळा झाला. साखरी लवकरच एकटी पिऊ लागली, बादली चाटूनपुसून. नंदिनी मात्र तो आला की सांगायची, “बोटाबिगर पीत न्हाई बघा.” तो गंभीरपणे मान डोलवायचा आणि बाह्या सरसावायचा.

एका सकाळी तिच्या वडिलांनी, आबांनी, टेम्पोच बोलावला. इंद्रजितही तेवढ्यात पोचला होता.

“बोटानं किती दिस पाजायचं? सादं पिता येत न्हाई त्ये वासरू काय जगनार? इकून टाकतो.”

नंदिनी साखरीपुढं आडवी आली. बोलावं तर हा उद्यापासून येणार नाही. न बोलावं तर साखरी जाणार... तिनं बादली भरून आणली, वासरापुढं ठेवली आणि मागं सरली. साखरीनं मान खाली घातली आणि घटाघटा बादली रिकामी केली.

“ती कवाच शिकलीया, आबा. मीच खोटं बोलत हुते.”

“कशापायी?”

आता लपवायचं ते काय! “ह्ये यायचं थांबत्याल म्हनून.”

मग आबा इंद्रजितकडे वळले. “पावनं, तुमची नोकरीच वासरांची. तुमास्नी कळलं न्हाई?”

“कळलं हुतं की.” त्याचे कान लाल झालेले, आवाज मात्र शांत. “मी यायच्या आदीच तिच्या नाकाला दुधाचा फेस असायचा.”

नंदिनीनं झटकन त्याच्याकडे पाहिलं. “मग... बोलला का न्हाई?”

“कसं बोलू? मला बी यायचं हुतं.”

आबा खाकरले. टेम्पोवाल्याला त्यांनी हातानंच परत जायला सांगितलं.

“रविवारी आईबापाला घिऊन या,” ते इंद्रजितला म्हणाले. “आन तवर हिकडं फिरकू नगा. वासरू पितंय आता.”