आठ दगड, काटा दहा

मोतीराम मिस्त्रीच्या बायकोने, सोजराबाईंनी, पोतं मंजुळाबाईंच्या ओसरीवर टेकवलं तेव्हा आतल्या लोखंडाचा असा खणखणाट झाला, की उकंडराव वकील चहाच्या कपासकट उभेच राहिले.

"हे तुमच्यापाशी ठेवा, बाई. घरी ठेवलं तर आमचे हे विहिरीत टाकून देतील."

"आहे काय त्यात?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"नटबोल्ट आवळायचे पाने. आठ दिवस झाले, हात लावला नाही त्याईनं."

मंजुळाबाई खामगावात मुलींच्या शाळेत गणित शिकवत. शाळा सुटली की लोक आपापले न सुटणारे गुंते घेऊन त्यांच्याकडे येत, आणि त्या ते सोडवत. त्यांचे धाकटे बंधू उकंडराव वकिलीची परीक्षा पास होते. पण गुन्हेगाराचं नाव त्यांना नेहमी सगळ्यांच्या शेवटी कळे.

मोतीराम मिस्त्रीचं प्रकरण गावात कुणाला ठाऊक नव्हतं? पिंपळगाव राजाचे जमीनदार हिंमतराव यांनी मोतीरामकडून एक लाल, उघडी, अकरा मणांची शर्यतीची मोटारगाडी तयार करवून घेतली होती. दसऱ्याला बोथ्याच्या घाटात कापसाच्या जिनवाल्या अर्जुनरावांच्या मोठ्या गाडीशी तिची शर्यत लागली. तिसऱ्याच वळणावर लाल गाडीचा दम तुटला. इंजीन बंद पडलं, गाडी मागे घसरू लागली. गाडी चालवणाऱ्या हिंमतरावांच्या शेजारी बसलेला त्यांचा धाकटा भाऊ इंद्रभान, बैलगाडीवाले घाटात करतात तसाच, चाकामागे दगड लावायला खाली उडी मारून धावला. चाक त्याच्या पावलावरून गेलं.

मागचा आस चारचौघांत उघडला, तर आत घाटाच्या चक्रांऐवजी सपाटीची दातेरी चक्रं! हिंमतराव भर चौकात ओरडले होते, "ह्या मिस्त्रीनं माह्या भावाचा पाय खाल्ला!" तेव्हापासून मोतीरामकडे कुणी साधी सायकलही आणली नव्हती.

"मोतीराम काय म्हणतात?"

सोजराबाईंनी पदराने डोळे टिपले. "आधी म्हणत होते, म्या बरोबर बसवली. आता म्हणतात, मीच चुकलो असीन. त्याचंच भेव वाटते, बाई."

मंजुळाबाई भावाला घेऊन गेल्या तेव्हा हिंमतरावांच्या गाडीच्या शेडमध्ये मोतीराम एका पिंपावर खाली मान घालून बसला होता. प्रश्न विचारला तरी मान वर होईना. मंजुळाबाईंनी मग वेगळीच युक्ती केली.

"मिस्त्री, मला गिअर समजावून सांगा. मी विद्यार्थिनी, तुम्ही मास्तर."

हळूहळू मान वर झाली. "पाहा बाई. इंजीन हलकं. पहिल्या गिअरमधी गाडी रांगते, दुसऱ्यात घाटावर धापा टाकते. मधात मोठा खड्डा. तो कसा भरावा? मागच्या आसातली जोडी बदलून. सपाटीच्या जोडीत लहान चक्राले नऊ दात, मोठ्याले सदतीस. म्या घाटासाठी आठ अन् एक्केचाळीसची करून आणली. मंग दुसरा गिअर घाटाले असा बसते, जसा पायात जोडा."

"चाळीस का नाही? हिशेबाला सोपं."

"नाही जी! चाळीसाले आठानं भाग जाते. मंग तेच तेच दात एकमेकाले घासत राह्यतात. एक्केचाळीस असले की दर फेरीले नवा सोबती."

मंजुळाबाई अशा खूश झाल्या, जणू वर्गातल्या मागच्या बाकावरून अचूक उत्तर आलं. "आणि तोटा?"

"सपाटीवर ताशी पंचेचाळीस मैलाच्या वर जाणार नाही. घाट संपला की वरती दोन मैल सपाट रस्ता. तिथं साठनं जाऊन लोकाईले दाखवायचं, हे हिंमतरावजीचं सपन. त्याईले ते लई खुपत होतं."

शेडच्या दारावर खडूने लिहिलं होतं : अष्टमी. आठ दगड, काटा दहा.

"हे काय हो?" उकंडरावांनी विचारलं.

"जोडी बसवल्यावर मैलाचे आठ दगड मोजत फेरी मारली, वकीलसाहेब. मैल दाखवणारा काटा चाकाच्या फेऱ्या मोजत नाही, इंजीन अन् आसामधल्या दांड्याच्या मोजते. सपाटीच्या जोडीवर तो मैलाले मैल बरोबर दाखवते. घाटाची जोडी घातली की दांडा जास्त फिरते, म्हणून आठ मैलाचे दहा. हिंमतरावजीच चालवत होते. त्याईले म्या बजावलं, काट्यावर भरोसा ठेवू नका."

"मग नवमीला?"

"खंडेनवमीले पाने पाटावर मांडले, कुंकू वाह्यलं. त्या दिवशी मी सुईलेबी हात लावत नाही. कुलूप घातलं अन् घरी गेलो. दुसरी किल्ली हिंमतरावजीच्या देवघरात असते."

"जोडी बदलायला किती वेळ लागतो?"

"दोन्ही जोड्या आपापल्या गाभ्यात, आसाच्या मधल्या लोखंडी भागात, बसवून तयार होत्या. एकट्याले तीन तास. चौघं असले तर तासाभरात."

बोलता बोलता त्याने बोटं चोळली. सांध्यांवर बारीक काळ्या रेघा होत्या.

"हे कशाचं?"

"पाना निसटला की कातडी सोलते, बाई. तेल आत मुरते. जन्मभर जात नाही."

आसाच्या झाकणाखालचा जाड कागद मोतीरामने जपून ठेवला होता. मंजुळाबाईंनी तो उलटा केला. आतल्या बाजूला, तेलात मुरलेला, एक लाल डाग होता.

"गाडीची पूजा झालीच असेल ना, अक्का," उकंडराव म्हणाले. "कुंकू तर सगळीकडेच असणार."

"सगळीकडे म्हणजे बाहेरून," एवढंच म्हणून त्यांनी कागद पर्समध्ये ठेवला.

अर्जुनराव जिनात रुईच्या ढिगाजवळ उभे होते. तेच आधी बोलले.

"घाटाच्या पायथ्याशी दोन्ही गाड्या तासभर उभ्या होत्या, बाई. माहे चार मिस्त्री तिथंच होते. संशय घ्यायचा तर घ्या. पण जिंकल्याचं पागोटं म्या बांधलं नाही. पोराचं पाऊल पाह्यलं अन् मलेच वाटलं, ही पैज म्या कशाले लावली?"

हिंमतरावांच्या खामगावातल्या घरी चहा आला. कप देताना हिंमतरावांच्या उजव्या हाताच्या दोन सांध्यांवर काळ्या रेघा दिसल्या.

"अपघातात लागलं," ते घाईने म्हणाले. "मी पान्याले हात नाही लावत कधी. मिस्त्री कशाले ठेवला मंग?"

"शेडमधून घाटापर्यंत गाडी कोणी नेली?"

"मीच. इंद्रभान बाजूले. झकास चालली! सोळा दगड मोजून पाह्यले, काटा दगडाले दगड मिळत होता. माह्या चालवण्यात खोट नव्हती, बाई. खोट मिस्त्रीची."

"भावाला भेटलात?"

हिंमतरावांनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला. "जाईन ना. जाईन."

"आज संध्याकाळी दवाखान्यात या. मोतीरामलाही बोलावते."

टांग्यात बसताच उकंडरावांनी मांडी थोपटली. "अर्जुनराव! चार मिस्त्री, एक तास. सरळ आहे, अक्का."

"उकंडा, आठ दगडांना काटा दहा. मग सोळांना किती?"

"वीस. हे तर बिगरीतलं पोरगंही सांगेल."

"मग बस विचार करत."

उकंडराव दवाखाना येईपर्यंत विचार करत राहिले. टांगेवाल्यालाही त्यांनी विचारलं. तोही वीसच म्हणाला.

इंद्रभान खाटेवर उशीला टेकून बसला होता, वीस-एकवीस वर्षांचा. पावलाला मोठं बँडेज होतं. तीन बोटं काढावी लागली होती. हिंमतराव दारातच थांबले. मोतीराम भिंतीशी उकिडवा बसला, शेजारी सोजराबाई.

मंजुळाबाईंनी फळ्यापुढे उभं राहावं तसं उभं राहून सुरुवात केली.

"पहिला प्रश्न, मोतीराम चुकला का? नाही. अष्टमीला आठ मैलांना काटा दहा दाखवत होता. म्हणजे तेव्हा गाडीत घाटाचीच जोडी होती."

मोतीरामने पहिल्यांदाच मान पूर्ण वर केली.

"दुसरा, अर्जुनरावांच्या माणसांनी पायथ्याशी जोडी बदलली का? तसं असतं तर तिथपर्यंत घाटाची जोडी असती, आणि सोळा मैलांना काट्याने वीस दाखवले असते. पण हिंमतराव स्वतः म्हणाले, काटा दगडाला दगड मिळत होता."

"अरे!" उकंडराव म्हणाले. "म्हणजे शेडमधून निघतानाच..."

"सपाटीची जोडी होती. म्हणून जोडी बदलली ती अष्टमीनंतर, शेडमध्ये. आणि नेमकी कधी, हे हा कागद सांगतो. कुंकू झाकणाच्या आत आहे. पूजेचा हात आत पोचत नाही. पूजेतला पाना पोचतो. कोणीतरी खंडेनवमीला पाटावरचे पाने उचलले. वऱ्हाडातला कुठला मिस्त्री त्या दिवशी पान्याला हात लावील? ज्याचे पाने नाहीत, असाच माणूस लावील. आणि सवय नसल्याने त्याचा पाना निसटेल, बोटं सोलतील, तेल कातडीत मुरेल. अपघातात खरचटतं, हिंमतराव. काळी रेघ उमटत नाही."

हिंमतरावांनी हात धोतराच्या सोग्यात लपवला.

"आठाचे दहा होतात, हे तुम्हाला माहीत होतं. चाक तुमच्याच हातात होतं. दसऱ्याला सोळाचे सोळाच झाले. जोडी बदलल्याचं ज्याला ठाऊक नाही, असा माणूस दचकून गाडी थांबवता. तुम्ही थांबला नाहीत."

हिंमतराव दारातच खाली बसले.

"नवमीले दुपारी सारे जेवून झोपले होते. देवघरातून किल्ली घेतली. पाटावरचा पाना उचलला. साठनं जायचं होतं, बाई. वरच्या सपाट रस्त्यावर, दोन मैल. बस, तेवढ्यासाठी! वाटलं, घाट कसातरी चढीन. मंग याचं पाऊल पाह्यलं... अन् तोंडातून मोतीरामचंच नाव निघालं. एकदा निघालं, तर गिळता येईना."

"दादा," इंद्रभान म्हणाला.

हिंमतरावांनी मान वर केली नाही.

"दादा, अष्टमीले मी बी मागं बसलो होतो. आठाचे दहा मलेबी ठाऊक होते. दसऱ्याले मी काट्याकडंच पाहत होतो. चौथ्या दगडालेच समजलं." "म्हटलं, दादा खुशीत आहे, काऊन टोकावं? अन् आठ दिवस हा मोतीरामदादा शिव्या खाऊन राह्यला, तरी मी उशीत तोंड खुपसून पडलो. माह्या पायाचं सोड. ह्याचं काय?"

साऱ्यांनी मोतीरामकडे पाहिलं. तो अंग झटकून उठला.

हिंमतराव हात जोडून म्हणाले, "मिस्त्री, माफ..."

"इथं नको जी," मोतीराम म्हणाला. "चौकात बोलले होते ना? चौकातच सांगा. बजाराच्या दिवशी."

बाजाराच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मोतीरामने घाटाची जोडी एका पोत्यावर मांडली आणि बाजूला सरला. हिंमतरावांनी आधी सगळं सांगितलं, काहीही न गाळता. लोक कुजबुजले. अर्जुनरावांनी मान खाली घातली. काखेत काठ्या घेतलेला इंद्रभान पुढेच उभा होता.

"आता दात मोजा," मोतीराम म्हणाला. "मोठ्यानं. मी बरोबर जोडी आणली होती, हे साऱ्याईले कळू द्या."

हिंमतराव पोत्यापाशी गुडघ्यांवर बसले. लहान चक्राचे आठ लगेच झाले. मोठ्याच्या एकेका दातावर बोट ठेवत ते पुढे गेले. तेहतीस. चौतीस. सदतीसला थबकले, तोच आकडा त्यांनी नवमीला गाडीत घातला होता.

"अजून चार आहेत, दादा," इंद्रभान हळूच म्हणाला. "मोज. मी बी मोजतो."

मग दोघा भावांनी मिळून एक्केचाळीसपर्यंत मोजलं. सोजराबाईंनी पान्यांच्या पोत्याचं तोंड सोडलं आणि इतक्या दिवसांनी पहिला पाना मोतीरामच्या हातात दिला. त्यावर अजून कुंकू होतं.