आक्काचं लाल बटण

त्या दिवशी ऊन पडलंच नाही. सूर्य होता, पण जुन्या तांब्याच्या पैशासारखा. उघड्या डोळ्यांनी बघावा असा. समुद्रापलीकडे सुमात्रात रानं पेटली होती, त्यांचा धूर इथवर आला होता. इथं परदेशात, हौगांगच्या आमच्या फ्लॅटमधून समोरची बिल्डिंगसुद्धा दिसेना. वारं नाही, पाखरू नाही. घरभर ओलं लाकूड जळल्याचा वास. नात जाई शाळेतून आली ती इथल्या पोरांच्या बोलीत ओरडतच, "आजोबा, विंडो क्लोज करा लाह!" मी खिडक्या लावल्या, तिला वरणभात वाढला आणि माझ्या रोजच्या कामाला बसलो.

रोजचं काम म्हणजे आक्काला रिंग द्यायची.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. आक्कानंच मला कडेवर वाढवलं. ती शिरोळकडं गावी एकटी, मी इथं लेकाकडं. दोघंही शाळेची पायरी चढलो नाही, मग पत्र कुठलं! संजीवनं, माझ्या लेकानं, दोघांना मोबाईल घेऊन दिले. एक नंबर दाबून धरला की आक्का. दोन नंबरला तिच्या शेजारचा हेमचंद्र दुकानदार. बोलायचं ते रविवारी. एरवी मी रिंग द्यायची आणि तिनं लाल बटण दाबून तोडायची. पैसा पडत नाही. रिंग तुटली की समजायचं, आहे. बरी आहे. त्या एका तुटण्यावर माझा दिवस निघायचा बघा.

त्या आठवड्यात रविवारीही तिनं फोन उचलला नव्हता, नुसता तोडला होता. संजीव म्हणाला, "आबा, आत्याचा फोन बिघडलाय. आता रिंग देऊ नका."

"बिघडलाय, तर तोडते कशी?"

तो उठून आत गेला. मला वाटलं, पोरगं कामानं दमलंय. सूनबाई ऋता तर त्या दिवसांत माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायची. मागितल्याशिवाय चहा यायचा.

पण एक खरं. रिंग उशिरा तुटायला लागली होती. आधी वाजते न वाजते तोच तुटायची. आता वाजतच राहायची, जशी ती परड्यातून चालत येतेय. पुढं पुढं परड्याच्याही पलीकडून. ओढ्याकडून. पण तुटायची.

त्या दुपारी लई वेळ वाजली. मग वाजायची थांबली; पण तुटली नाही. कुणीतरी उचलला होता.

आत तडतड आवाज. वाळल्या तुरकाट्या पेटल्यावर होतो तसा.

"आक्का?… अगं, मी बापू."

बराच वेळ नुसती तडतड. मग अगदी हळू…

"बापू… लई धूर झालाय रं… काय दिसंना…"

"चूल पेटती टाकून झोपलीस का? बाहेर ये! दार उघड आधी!"

"दार…" ती थांबली. "दारच न्हाई रं हितं…"

आणि तुटला.

मी एक नंबर दाबत राहिलो. रिंग जाईचना. दोन नंबर दाबला, हेमचंद्र उचलेना. बंद खिडक्यांतून तो वास आत येतच होता. जाई म्हणाली, "आजोबा, व्हाय आर यू क्रायिंग?" तिला काय सांगू? माझी म्हातारी बहीण घरात कोंडलीय आणि मधी अख्खा समुद्र आहे.

संजीव ऑफिसातून आला, बूटसुद्धा काढले नव्हते, तोच मी त्याचे पाय धरले. लेकाचे पाय.

"आबा! काय करताय हे!"

"मला पाठव. आजच्या विमानानं. आक्का आत जळतेय रे… मी आता बोललो तिच्याशी."

ऋताच्या हातातलं भांडं खाली पडलं. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. संजीवनं माझा फोन घेतला, बटणं दाबली आणि त्या छोट्या उजेडाकडं बघतच राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"उद्या बघू, आबा," एवढंच म्हणाला. फोन बंद करून त्यानं कपाटावर ठेवला.

सकाळी सगळी आपापल्या कामाला गेली. मी स्टूल घेऊन फोन काढला, चालू केला आणि कॉरिडॉरमध्ये आलो. बाहेर तसाच धूर. चिनी लोकांचा पितरांचा महिना चालू होता. कोपऱ्यातली म्हातारी पत्र्याच्या डब्यात कागद जाळत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली.

दोन नंबर दाबला. हेमचंद्रनं उचलला.

"हेमा, हात जोडतो. तिच्या दाराला कुलूप असलं तरी फोड. तिला बाहेर काढ. तिचा फोन तिच्या हातात दे, मला एकदा तिच्याशी बोलू दे…"

पलीकडं हुंदका फुटला.

"बापू, तुमचं काळीज नाजूक, म्हणून संजीवनं शपथ घातली होती… काल आक्काचा दहावा झाला. पिंडाला कावळा शिवंना. 'बापूला बोलवतो' म्हटलं, तरी शिवंना. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं… आणि फोन? फोन कुठनं देऊ, बापू? जाताना तीच म्हणाली होती, 'बापू रिंग देईल, तोडाय लागंल, माझ्या हातात असू द्या.' आम्ही तो तसाच तिच्या मुठीत ठेवला… आणि सरण पेटवलं."