हलू नका म्हटलं ना!

दुसरा फोटो झाला, तिसरा निघायच्या बेतात होता... आणि वाचनालयातले सगळे दिवे भक्कन लागले.

"कोणी लावले?" मी ओरडले.

"मी." बटणापाशी एक तरुण वायरमन उभा होता. शेजारी त्याची शिडी, वर उघडा पडलेला पंखा. "अंधारात फोटो काढताय... म्हटलं, मदत करावी."

मदत! माझं डोकंच फिरलं. तीन वर्षं मी काकांच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो कापत बसले होते. "याहून मोठं काम तुला झेपायचं नाही," हे काकांचं रोजचं पालुपद. आणि आज एका आर्किटेक्टच्या ऑफिसने नोकरी देण्याआधी याच खोलीचा फोटो मागितला होता, पाचच्या आत! खिडकीबाहेरची झाडंही दिसायला हवीत आणि कपाटातल्या पुस्तकांची नावंही. एका फोटोत ते जमत नाही. एक तर खिडकी पांढरीफटक होते, नाहीतर कपाटं काळीठिक्कर. म्हणून हे कालच शिकलेलं एचडीआर. एक फोटो काळपट, एक मधला, एक उजळ, मग तिन्ही एकत्र करायचे. तेवढ्या वेळात खोलीतलं काहीही बदलता कामा नये.

हे सगळं मी त्याला एका दमात सुनावलं.

"मग मी जाऊ?"

"शिडी हलवायला वेळ कुठे आहे? ऊन चाललंय! दिवे बंद करा, वर चढा, तो डुलणारा पंखा धरा आणि हलू नका!"

दिवे मालवून तो चढला. मी तिन्ही फोटो काढले आणि लॅपटॉपवर एकत्र केले. झाडं, पुस्तकं, सगळं लख्ख! आणि वायरमनला दोन तोंडं. एक पंख्याकडे, दुसरं थेट माझ्याकडे.

"हलू नका म्हटलं ना!"

"मान वळली फक्त."

"का वळली?"

"तुम्ही ओठ चावत, श्वास रोखून उभ्या होतात..." तो शिडीवरून हसला. "पंख्यापेक्षा बरं दिसत होतं."

माझे कान तापले. रागाने हं, दुसऱ्या कशाने नाही! ऊन गेलं होतं, पुन्हा काढणं शक्य नव्हतं. पण तेवढ्या जागेपुरता तीनपैकी एकच फोटो ठेवायची सोय होती. मी पंख्याकडे बघणारा ठेवला आणि पाचला चार मिनिटं असताना पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "शिडीवरच्या माणसामुळे खोलीची उंची छान कळते. सोमवारपासून या." काकांना सांगायच्या आधी मी वाचनालयात धावले. का, ते विचारू नका.

त्याने फोटो पाहिला आणि त्याचं तोंडच उतरलं.

"हा ठेवलात? पंख्याकडे बघणारा?"

"त्यांना खोली दाखवायची होती, तुमचे डोळे नव्हे."

"आयुष्यात पहिल्यांदा एवढा धीर करून कुणाकडे बघितलं मी! आणि तुम्ही सरळ पुसून टाकलंत?"

आता मात्र हद्द झाली. चूक याची आणि आवाज माझ्यावर?

"पुसायला मला काय वेड लागलंय?" मी खेकसले. "तो फोटो आहे माझ्याकडे. काल दहा वेळा पाहिलाय... आणि उद्याही बघणार आहे. काय करायचं ते करा!"

वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. त्याने हातातली पक्कड हळूच खाली ठेवली.

"मग उद्या... मीच येऊ समोर? किती वाजता?"

"सहाला," मी म्हणाले. अजून रागातच होते.