उजेड शिरतो तिथून

वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मी कुणाच्या बापाला भीत नाही. माझ्या तर नाहीच नाही! म्हणून सुट्टीत बाबांबरोबर कंटेनर यार्डात जायचं मीच ठरवलं आणि भिंगरीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, मीच ओढत नेलं. ती दिवा लावल्याशिवाय झोपायची नाही. म्हटलं, आज हिची भीती मोडायचीच.

बाबा रिकामे कंटेनर तपासतात. देशोदेशीच्या बंदरांत फिरून आलेले लोखंडी खोके. कुणाच्या पोटात अजून टायरचा वास, कुणाच्या कॉफीचा. पुढचा माल भरण्याआधी उजेड बघायचा असतो. एकाने आत उभं राहायचं, बाहेरून दारं लावायची. सुईएवढं भोक असलं तरी काळोखात ते चमकतं. मग आतल्याने तिथेच ठोकायचं, बाबा बाहेरून खडूने गोल काढतात आणि त्यावर जाड चिकटपट्टी मारतात. भोक नसेल, तर दारावर ठोकायचं.

"उजेड शिरतो तिथून समुद्र शिरतो," बाबा म्हणतात.

सकाळभर मीच आत जात होते. मग तो विटकरी कंटेनर आला. त्याला वासच नव्हता. कसलाच. आत पाय ठेवला तर चपलेचाही आवाज होईना.

"याच्यात भिंगरी जाईल," मी म्हणाले.

"ताई, नको ना गं."

"भित्री भागूबाई! बाबा बाहेरच आहेत की."

"छळू नकोस तिला," बाबा म्हणाले. पण क्रेनवाले काका वरून भोंगा वाजवत होते, बोट थांबली होती. मी तिला आत ढकललं. बाबांनी दारं लावून दांडे फिरवले.

बराच वेळ काहीच नाही. मग दारावर टक, टकटक, टक. मी बाथरूममध्ये वेळ लावला की भिंगरी अस्संच ठोकते.

बाबांनी दार उघडलं. ती हसत बाहेर आली. भर उन्हात डोळेसुद्धा मिचकावले नाहीत.

"एकही भोक नाही. किती छान आहे आत!"

"बघितलंत?" मी बाबांना म्हणाले. "घालवली की नाही भीती?"

बाबांनी दारं लावली.

आतून आवाज आला. टक, टकटक, टक.

"बाबा, उघडा!"

त्यांनी उघडलं. टॉर्च मारला. कोपरान् कोपरा रिकामा. पुन्हा लावलं.

टक, टकटक, टक.

"ऐकू येत नाही तुम्हाला?"

"काय ऐकू यायचंय?"

"लोखंड आहे, ताई. उन्हाने तडतडतं," भिंगरी म्हणाली. वाक्य बाबांचं. सूरही बाबांचाच.

मी तापलेल्या पत्र्याला कान लावला. आतून हळूच आलं,

"ताई, नको ना गं."

मी दाराच्या दांड्याला लटकले. ओरडले, रडले, आत भिंगरी आहे म्हणून सांगितलं. भिंगरी माझ्या शेजारीच उभी होती. क्रेनवाले काका वर खो खो हसले.

"तुझं वक्तृत्व शाळेत!" बाबांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

कंटेनर वर गेला. टकटक वर गेली. बोटीत, इतर शेकडो खोक्यांच्या खाली, तो दिसेनासा झाला.

त्या रात्री भिंगरीने स्वतः दिवा घालवला. दुसऱ्या दिवशी यार्डातून चिकटपट्टी आणली. आमच्या खोलीच्या कडीचं भोक बुजवलं, खिडकीची फट बुजवली, दाराखालचीही बुजवली. बाबांना कोण कौतुक! "पोरगी माझ्या वळणावर गेली," म्हणतात. बोट कुठे पोचली ते विचारलं की माझ्याशी बोलत नाहीत.

काल दुपारी माझा डोळा लागला. उठून आरशात पाहिलं, तर माझ्या दोन्ही डोळ्यांभोवती खडूचे गोल होते. अगदी नीट काढलेले.

मागे दारात भिंगरी दातांनी चिकटपट्टी तोडत होती.